मे महिना, दोन मुलं, सहावा मजला: अकरा ते पाच काय करता?

कैरीची_फोड | २९ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एप्रिल संपत आला की माझ्या पोटात गोळा येतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेसहाचा. पुण्यात सहाव्या मजल्यावर दोन बेडरूमचं घर. आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करते, दोन दिवस नवरा. सासूबाई जळगावला असतात, त्या जूनमध्ये येणार.

सकाळ-संध्याकाळची काळजी नाही. सकाळी पोहायला जातात आणि संध्याकाळी खाली गेले की हाका मारून घसा बसला तरी वर येत नाहीत. प्रश्न आहे अकरा ते पाचचा. बाहेर ऊन रणरणतं, दुपारी पार्किंगमध्ये खेळलेलं सोसायटीला चालत नाही आणि मी हेडफोन लावून मीटिंगमध्ये. मग दर दहा मिनिटांनी "आई, कंटाळा आलाय", आणि शेवटी मोबाईल हातात.

शिबिरांची पत्रकं घरात येऊन पडलीत. दोघांची पंधरा दिवसांची फी आमच्या महिन्याच्या किराण्याच्या वर जाते. आणि शिकवणार काय, तर 'नेतृत्वगुण'. आमचा धाकटा घरात आधीच पुढारी आहे.

'मुलांसाठी ५० उपक्रम' छापाच्या याद्या कृपया नकोत. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर बांधून झालंय, त्याचा गोंद अजून सोफ्यावर आहे. तुमच्या घरात खरंच जे चालतं ते सांगा.

---

उंबरठा | २९ एप्रिल, रात्री ११:०५

वाचतेय. आमच्याकडे हेच, फक्त मजला चौथा.

---

तळकोकण | ३० एप्रिल, सकाळी ७:२०

एवढा विचार कसला करता? गावाला पाठवून द्या. आमच्याकडे बहिणीची दोन, भावाची दोन आणि माझा एक अशी पाच पोरं महिनाभर असतात. करवंदं, जांभळं, काजूच्या बिया भाजणं, फणसाची साटं वाळत घालणं. सकाळी बाहेर पडतात ती जेवायला हाक मारल्यावरच उगवतात. कंटाळा कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

---

शेवंती१९ | ३० एप्रिल, सकाळी ९:५०

तळकोकण, राग मानू नका, पण त्या पाच पोरांचं दोन वेळचं जेवण, त्यांचे चिखलाचे कपडे आणि रात्रीची अंथरुणं कोण बघतं तेही लिहा. आमच्या लहानपणीचा मे महिना रम्य होता, कारण आजी आणि दोन काकू पहाटेपासून चुलीपुढे असायच्या. आता त्याच काकूंचे गुडघे गेलेत. शिवाय सगळ्यांना गाव असतंच असं नाही. माझ्या माहेरच्यांचं गाव धरणाखाली गेलं, सासर मुंबईचं. मी कुठे पाठवू?

---

तळकोकण | ३० एप्रिल, दुपारी १:१५

राग कसला, रास्त बोललात. वहिनी आणि आई बघतात. यंदा पोरांचे कपडे पोरांनीच विहिरीवर धुवायचे असं ठरवून टाकलंय. (धुतील किती आणि भिजतील किती ते बघू.)

---

नाना_हुकूम | ३० एप्रिल, दुपारी ४:३०

वय वर्षे ७१, दोन नातवंडं. माझं उत्तर एका ओळीचं: पत्त्यांचे दोन कॅट आणा.

साडेसहाच्या नातवाला बदाम सातपासून सुरुवात करून द्या. रंग, क्रम आणि 'पास' म्हणताना चेहरा सरळ ठेवणं, एवढं आलं की झालं. नऊ वर्षांच्या मुलीला पाच-तीन-दोन शिकवा. त्याला तीन भिडू लागतात, म्हणजे दोन मुलं आणि एक मोठं माणूस. पानं तीस: अठ्ठ्यापासून एक्क्यापर्यंत चारही रंगांची अठ्ठावीस, वर बदाम आणि इस्पिकची सत्ती. वाटणाऱ्याने दोन हात करायचे, त्याच्या पुढच्याने पाच, उरलेल्याने तीन. पाचवाला पहिली पाच पानं बघून हुकूम बोलतो. कुणाचे हात कमी पडले की पुढच्या डावात त्याची पानं ओढायची. ही ओढाओढी हाच खेळाचा प्राण. माझी नात आता मला ओढते आणि वर "नाना, उतारी बघून करा" असं सुनावते.

मुलं भांडतील. भांडू द्यात. पत्त्यांत भांडण झालं नाही म्हणजे कुणीतरी मुद्दाम हरतंय असं समजावं.

---

उंबरठा | ३० एप्रिल, संध्या. ५:१०

नाना, ओढलेल्या पानाच्या बदल्यात त्याच रंगाचं पान परत द्यायचं की कुठलंही? आमच्याकडे दर वर्षी यावरून महाभारत होतं.

---

नाना_हुकूम | ३० एप्रिल, संध्या. ५:४०

आम्ही त्याच रंगाचं देतो, त्या रंगाचं नसेल तर तेच पान परत. सातारकडचे आमचे व्याही नको असलेलं कुठलंही देतात आणि आम्हालाच चुकीचं ठरवतात. डाव मांडण्याआधी ठरवून घ्या, कागदावर लिहून भिंतीला लावलंत तर उत्तम.

---

वऱ्हाडी_ऊन | ३० एप्रिल, रात्री ९:२५

पुण्याचे लोक उन्हाबद्दल बोलले की आम्हाला नागपुरात हसू येतं. :) इथे मेमध्ये पारा ४५च्या घरात जातो आणि शाळा उघडायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. म्हणजे आमची लेकरं तुमच्यापेक्षा जास्त दिवस घरात.

आमच्याकडे दिवसच उलटा लावलेला असतो. पाच-साडेपाचला उठायचं, खेळ-सायकल जे काय ते आठच्या आत. दहाला खिडक्या बंद, पडदे ओले, कूलर सुरू. जेवण झालं की दोन तास सगळे आडवे. झोप आली नाही तरी पडून राहायचं, पुस्तक चालेल, बोलणं बंद. पहिले काही दिवस लेकरं छताकडे बघत तळमळतात, मग खरंच झोपतात. त्यामुळे रात्री दहापर्यंत जागवता येतात आणि गच्चीवर अंथरुणं टाकून आकाश बघता येतं. सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की ठळक तांबूस स्वाती, आणखी पुढे नेली की पांढरी चित्रा. एवढ्या तीन खुणा आल्या की लेकरं स्वतःच पुढचं शोधायला लागतात.

दुपारचं एक काम हमखास: सरगुंडे. माझी आई काडीवर कणकेची दोरी गुंडाळत जाते आणि लेकरं शेजारी बसून आपापल्या काड्या भरतात. त्यांचे जाडेभरडे होतात, पण रसासोबत खाताना ज्याने त्याने आपलेच ओळखून घ्यायचे असतात, त्यामुळे तक्रार नाही.

आणि कूलरबद्दल कळकळीने सांगते. पाणी भरताना बटण बंद करून पिन काढायचीच. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभं राहून लेकरांनी कूलरला हात लावायचा नाही. करंट उतरून दर उन्हाळ्यात आमच्या भागात जीव जातात.

---

पाटी_पेन्सिल | १ मे, सकाळी ८:१०

प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. कैरीची_फोड, तुम्ही मुलांना 'गुंतवून' ठेवायच्या मागे लागलात तर तुमचाच दिवस संपेल. एक उपक्रम वीस मिनिटं टिकतो आणि मांडायला-आवरायला चाळीस मिनिटं लागतात. त्यापेक्षा घरातलं एखादं खरं काम त्यांच्या नावावर करून टाका. खरं म्हणजे असं, की त्यांनी केलं नाही तर घराचं अडलं पाहिजे.

माझ्या मुलीकडे गेल्या सुट्टीत भाजी होती. संध्याकाळी पिशवी आणि शंभराची नोट घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे जायचं, मी लांब उभी. घरी आल्यावर वहीत हिशोब. सुरुवातीला तिने पिवळी पडलेली मेथी आणली. मी काही बोलले नाही, तिलाच निवडायला बसवलं. जुडीतली अर्धी फेकताना तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दुसऱ्या खेपेला ताईंनी जुडी सोडून, आतली पानं बघून मेथी घेतली, वर कोथिंबीरही मागून आणली.

धाकट्याकडे पाणी द्या. माठ भरणं, सगळ्यांच्या बाटल्या भरणं, बाल्कनीतलं पक्ष्यांचं भांडं रोज घासून भरणं. घासून हे महत्त्वाचं, नाहीतर शेवाळ धरतं आणि डास होतात.

यात एक पथ्य आहे आणि ते मोठ्यांनी पाळायचं आहे. त्यांनी केलेलं काम आपण परत करायचं नाही. वाकडी घडी तशीच कपाटात जाऊ द्या. आपण मागून सरळ करतो हे कळलं की मुलं काम सोडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

वाचणारी असतील तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट उपलब्ध आहेत. कोड्यांची पानं छापून द्या, म्हणजे पडद्याकडे बघायला नको.

---

अर्धविराम | १ मे, दुपारी १२:०५

शिक्षणाने अभियंता, दोन मुलींचा बाप. भर दुपारी करायचा आणि एक पैसा न लागणारा कार्यक्रम सांगतो: शून्य सावली.

महाराष्ट्रात मे महिन्यात एकदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली गडप होते. कोल्हापूरला ६-७ मे, सोलापूरला १०च्या सुमारास, पुण्यात १३-१४, मुंबईत १५-१६, नाशिकला २०च्या आसपास, जळगावला २५ आणि नागपूरला २६च्या सुमारास. पुण्यात वेळ साधारण साडेबाराची, नागपूर पूर्वेला असल्याने तिथे बाराला दहा-एक मिनिटं झाल्यावर.

आजपासूनच सुरुवात करा. बाल्कनीत ऊन येत असेल तर तिथे, नाहीतर गच्चीवर. पुठ्ठ्यावर सरळ उभा डबा ठेवायचा. तळाशी निमुळता पेला घेऊ नका, त्याची सावली फसवते. रोज साडेबाराला सावलीच्या टोकाशी खूण आणि तारीख. खुणा डब्याकडे सरकताना दिसतात. तो दिवस उलटला की सावली दुसऱ्या बाजूला पडू लागते, आणि खरी गंमत ती आहे. आमच्या धाकटीने विचारलं, "म्हणजे सूर्य आपल्या घराच्या पलीकडे गेला?" तर हो, तसाच गेला. तो उत्तरेकडे सरकतो आणि परत येताना जुलैअखेरीस पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग बघू देत नाहीत. दिल्लीच्या मुलांना हे कधीच दिसणार नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे. असं काही सांगितलं की पुण्याच्या मुलांना विशेष आनंद होतो.

टोपी घाला, वर बघू देऊ नका, पाच मिनिटांत खाली.

---

शेवंती१९ | १ मे, दुपारी २:३०

अर्धविराम, मस्त! आमच्या चाळीच्या गच्चीवर करणार. सगळ्या पोरांना गोळा करते.

माझ्याकडून अष्टा-चंगा. विकतचा पट नको, फरशीवर खडूने पाच बाय पाचची घरं आखा. फासे म्हणून चिंचोके. ते तयार करण्यातच अख्खी दुपार जाते. चार चांगले फुगीर चिंचोके घ्या, मोरीच्या खरखरीत दगडावर पाण्याचा थेंब टाकून एकाच बाजूने घासत बसा. आधी तपकिरी पाणी सुटतं, मग साल जाऊन पांढरा डोळा दिसायला लागतो, मग तो रुंद होत होत अर्धा चिंचोका पांढरा होतो. बोटांची टोकं दुखतात, नखं झिजतात, पण स्वतः घासलेला चिंचोका मुलं जिवापाड जपतात. चार टाकायचे. जितके पांढरे वर तितकी घरं, चारही पांढरे तर चंगा म्हणजे चार, चारही काळे तर अष्टा म्हणजे आठ. दोन्हीला पुन्हा टाकायला मिळतं. एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरात शिरता येत नाही, त्यामुळे भिडस्त मुलंही मारायला शिकतात.

---

खडीसाखर | १ मे, रात्री १०:५०

मी जरा वेगळं बोलते. नवरा परगावी, नोकरी बँकेत, घरून काम वगैरे भानगड नाही. मुलगा दहाचा. मे महिन्यात सोसायटीतलीच एक कॉलेजची मुलगी अकरा ते चार आमच्याकडे बसते, तिचा अभ्यास करते, ह्याच्यावर लक्ष ठेवते. शेजारचं एक कुटुंब त्यांची मुलगीही पाठवतं, पैसे निम्मे निम्मे. शिबिरापेक्षा स्वस्त पडतं आणि घर ते घर राहतं. गॅसला हात नाही, बाल्कनीचं दार बंद, दाराची बेल वाजली तर आधी मला फोन, एवढे नियम.

आणि हो, दोन ते तीन तो टीव्ही बघतो. रोज. मोठ्या पडद्यावर, हॉलमध्ये, तिच्यासमोर. मला त्यात काहीही गैर वाटत नाही. इथे सगळे चिंचोके घासत असताना लिहायला धीर करावा लागला, पण लिहिलं.

---

पाटी_पेन्सिल | २ मे, सकाळी ७:४५

खडीसाखर, अहो त्यात धीर कसला! वेळ ठरलेली आहे आणि बघायला सोबत माणूस आहे. वाईट असतं ते मोबाईल हातात देऊन खोलीचं दार लावून घेणं. कॉलेजच्या मुलीची कल्पना झकास आहे.

---

उंबरठा | २ मे, सकाळी १०:१५

+१. दुपारी एक तास टीव्ही आमच्याकडेही. तो तास मी चहा घेऊन एकटी बसते आणि कुणी हाक मारली तर ओ देत नाही.

---

सातासमुद्रापार | ३ मे, पहाटे ४:३०

न्यू जर्सीहून. आमची सुट्टी जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होऊन सप्टेंबर उजाडेपर्यंत चालते, त्यामुळे तुमचा धागा म्हणजे आमची आगाऊ तयारी. इथे शिबिरांशिवाय गत नसते, आणि खर्चाचं बोलायलाच नको. गावातल्या वाचनालयाचा मोठा आधार आहे. उन्हाळी वाचनाचा तक्ता देतात, पुस्तकं वाचून तो भरला की काहीतरी बक्षीस.

आमचा घरचा शोध म्हणजे व्हिडिओ कॉलवर नाव-गाव-फळ-फूल. इकडे सकाळ, तिकडे आजी-आजोबांची संध्याकाळ. वेगळं उत्तर आलं तर दहा, सारखं आलं तर पाच. मुलांची मराठी अक्षरं या खेळाने पक्की झाली. आजोबा मुद्दाम 'ढ' काढतात आणि 'ढब्बू मिरची' फळांत घालून वाद घालत बसतात. वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते बरोबरच आहेत म्हणा.

---

वऱ्हाडी_ऊन | ३ मे, सकाळी ११:००

ढब्बूचे दहा द्या आजोबांना.

---

अर्धविराम | ५ मे, रात्री ८:२०

आइस्क्रीमचं कुणीच लिहिलं नाही? पॉटची मजा पॉटशिवाय येते. घट्ट दूध, साय, साखर आणि आमरस छोट्या झिपच्या पिशवीत भरून हवा काढून बंद करा. मोठ्या पिशवीत बर्फ आणि तीन-चार मुठी जाडं मीठ. छोटी पिशवी त्यात घालून वरून टॉवेल गुंडाळा आणि दहा-पंधरा मिनिटं आळीपाळीने हलवायला द्या. मीठ घातलेला बर्फ शून्याच्या बराच खाली जातो, म्हणूनच दूध गोठतं. नुसत्या बर्फाने गोठत नाही. आधी बिनमिठाची एक पिशवी हलवायला लावा म्हणजे फरक दिसेल. टॉवेल विसरू नका, हात पोळल्यासारखे होतात. उघडण्याआधी आतली पिशवी पाण्याने धुवा, नाहीतर खारट आइस्क्रीम.

---

कैरीची_फोड | १५ मे, रात्री ११:१०

सगळ्यांचे आभार. वर काढतेय, कारण दोन आठवड्यांचा हिशोब द्यायचा राहिला होता.

पत्ते: जिंकले. मुलगी पाच-तीन-दोनच्या इतकी नादी लागलीय की नवरा ऑफिसातून आला की बूट काढायच्या आत पिसायला घेते. नियम भिंतीवर लिहून लावलाय, सातारकडचा. नाना, माफ करा, नवरा तिकडचा आहे.

भाजी: मुलीकडे दिली. पहिल्याच दिवशी शंभरातल्या ऐंशीच्या कैऱ्या आणल्या. आता फ्रिजमध्ये पन्ह्याचा गर आहे, मेथांबा आहे आणि तरीही कैऱ्या आहेत.

माठ: धाकटा खुर्चीवर चढून भरतो, निम्मं पाणी फरशीवर. फडकंही त्याच्याच नावावर केलंय. पक्ष्यांच्या भांड्यावर बुलबुल येतात, कबुतरं आली की तो टाळ्या वाजवत धावतो, आणि नेमकी तेव्हाच माझी मीटिंग असते.

दुपारचं आडवं पडणं: अजून युद्ध चालू आहे. मुलगी वाचते, धाकटा पाय भिंतीला लावून गाणी म्हणतो. वऱ्हाडी_ऊन, तुमची किती दिवसांत झोपायला लागली?

शून्य सावली: काल गच्चीवर सोसायटीतली बरीच मुलं जमली. वॉचमनकाकाही आले. डब्याची सावली नाहीशी झाल्यावर एकाने स्वतःची सावली शोधायला सुरुवात केली आणि मग सगळीच आपापल्या पायांखाली बघत उड्या मारत होती. सेक्रेटरी वर आले ते आरडाओरडा ऐकून, रागावूनच. मुलीने त्यांना पुठ्ठ्यावरच्या खुणा दाखवल्या. ते बराच वेळ बघत बसले आणि पार्किंगचा विषय मी तिथेच काढला. सावलीतल्या कोपऱ्यात चार ते पाच बैठे खेळ चालतील असं कबूल केलंय. चेंडू नाही.

चिंचोके: मोरीत आमच्याकडे गुळगुळीत टाइल्स आहेत. कशावर घासू?

कॉलेजची मुलगी: खालच्या मजल्यावरच्या एकीशी बोलले आहे, परीक्षा संपली की सोमवारपासून येईल.

मोबाईल संपूर्ण सुटलेला नाही. रविवारी मी स्वतःच दिला, मला झोपायचं होतं.

---

शेवंती१९ | १५ मे, रात्री ११:३०

खालच्या कंपाउंडच्या सिमेंटच्या कठड्यावर घासा. नाहीतर कुंडीची उलटी बाजू, मातीची हवी.

---

वऱ्हाडी_ऊन | १६ मे, सकाळी ६:०५

भिंतीला पाय लावून गातोय म्हणजे जवळ आलंय. त्याला सकाळी तासभर आधी उठवा.

---

नाना_हुकूम | १६ मे, सकाळी ९:४०

सातारचा नियम लावलात, काय बोलणार. सासूबाई जूनमध्ये आल्या की भिडू वाढतील, तेव्हा मेंढीकोट सुरू करा. चार जण, समोरासमोरचे भागीदार, सगळी बावन्न पानं, प्रत्येकी तेरा. मेंढ्या म्हणजे दश्श्या पकडायच्या. तीन पकडल्या की डाव तुमचा, दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात हात त्यांचा, चारही आल्या तर कोट. फक्त आजी आणि धाकट्याला एका बाजूला बसवू नका. आज्या नातवाला डोळ्यांनी पानं सांगतात, आमच्या घरी रंगेहाथ पकडलंय.